पोळ्याच्या दिवशी जुंपलेली गाडी

आधीच सांगून टाकतो — भूतखेत, करणी, चकवा यांवर माझा काडीचा विश्वास नाही. छत्तीस वर्षं हायस्कुलात गणित शिकवलं. वर्गातलं एखादं पोरगं चिंचेवरच्या भुताबद्दल बोलायला लागलं की त्याला फळ्यापाशी उभं करायचो. "भुताची उंची किती? वजन किती? चिंचेची फांदी किती वजन पेलते? मांड गणित." ते गणित कधी कुणाकडून मांडलं गेलं नाही. या सदरात येणारे अनुभवसुद्धा मी लाल पेन हातात घेऊन वाचतो, आणि खरं सांगायचं तर बहुतेकांना पासापुरतेही गुण देत नाही. त्यामुळे आता मीच लिहायला बसलोय म्हटल्यावर सूनबाई गालातल्या गालात हसतेय. हसू दे. झालं तसं लिहितो. तुम्हीही खुशाल लाल पेन घ्या.

महाराष्ट्र राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. मी बुलढाणा जिल्ह्यात अगदी वरच्या टोकाला, सातपुड्याच्या पायथ्याशी जळगाव जामोदला मास्तर होतो. वसंता त्याच शाळेत ड्रिल मास्तर. दोघांत मिळून एक खोली, एक स्टोव्ह आणि रोज रात्री खिचडी. वसंता सहा फूट उंच, आवाज असा की त्याची शिट्टी हरवली तरी शाळेला कळायचं नाही. आणि नेमकं त्यालाच छातीचं दुखणं लागलं. क्षय. चौदा महिने तो सॅनिटोरियममध्ये होता. इंजेक्शनं घेऊन घेऊन कमरेची चाळण झाली, पण बरा होऊन आला. डॉक्टरांनी तसा कागद दिला, शाळेनं परत घेतलं. फक्त शिक्षकांच्या खोलीत त्याची कपबशी वेगळी ठेवली जाऊ लागली. कुणी काही बोलायचं नाही. कपबशी मात्र वेगळी. मला त्याचा इतका संताप यायचा की मी मुद्दाम त्याच्याच कपातून चहा प्यायचो.

खरी अडचण पुढेच होती. आजारपणाच्या आधी वसंताची सोयरीक ठरली होती ती माझ्या चुलतबहिणीशी, सुमनशी. काका सुलतानपूरचे. तेव्हा ते गाव मेहकर तालुक्यात होतं, आता लोणार तालुक्यात येतं. म्हणजे जिल्ह्याच्या एका टोकाला नवरदेव, दुसऱ्या टोकाला नवरी. काकांनी सोयरीक मोडली नाही, पण तिथीही काढेनात. माणूस वाईट नव्हता. त्यांची सख्खी बहीण सासरी याच दुखण्यानं गेली होती, आणि तिलाही कुणीतरी "बरी झाली" असं सांगितलं होतं. मी त्यांना वसंताच्या प्रकृतीबद्दल लांबलचक पत्र लिहिलं, डॉक्टरांचा कागद उतरवून पाठवला. काकांचं उलट टपाली पोस्टकार्ड आलं. "डॉक्टरच्या कागदाचं मले नोको सांगू. कागद काही चालून दाखवत नाही."

वसंतानं कार्ड दोनदा वाचलं. मग म्हणाला, "मध्या, लिही तुह्या काकाले. म्हनावं, चालून दाखवतो."

"कुठी?"

"इथून तुह्या काकाच्या ओसरीपर्यंत."

मला वाटलं चेष्टा करतोय. पण गड्यानं भिंतीवरचा जिल्ह्याचा नकाशा काढून खाली अंथरला होता. जळगाव जामोद, नांदुरा, खामगाव, मग घाट चढून जानेफळ, मेहकर, सुलतानपूर. ऐंशी मैलांच्या वर. मी लिहिलं. काकांचं दुसरं कार्ड आलं — "येऊ दे. तू संग येजो. कुठी बसमंधी बसला, गाडीत बसला, त मले खरं सांगजो. तू सांगशीन तेच मी मानीन." यात काकांनी माझा गौरव केला असं समजू नका. लहानपणी मी त्यांच्या परसातले पेरू चोरले आणि संध्याकाळी स्वतःच जाऊन सांगितलं, तेव्हापासून घराण्यात मी थोडा भोळसट समजला जातो.

पोळ्याची सुट्टी, तिला जोडून रविवार आणि चार किरकोळ रजा, असा बेत ठरला. पोळ्याच्या दिवशी काकांच्या घरी पुरणपोळीला पोचायचं. लोक सुट्टीत माथेरानला जातात, आम्ही चिखलात निघालो. दोन छत्र्या, दोन खांद्याला अडकवायच्या पिशव्या, मेणकापडात गुंडाळलेले कपडे. पहिल्या दोन मैलांतच काळ्या मातीनं चपला धरून ठेवल्या, त्या काढून पिशवीला बांधल्या आणि पुढचा जिल्हा अनवाणी पाहिला.

वसंतानं एक नियम केला होता. मैलाच्या दगडावर बसायचं नाही, त्याला हात लावायचा आणि पुढे निघायचं. दम लागला तर उभ्यानं घ्यायचा. मी मागून चालायचो आणि त्याच्या पाठीकडे बघून श्वास मोजायचो. त्याला ते कळायचं. "मोजू नोको बे, मी काही तुह्या वर्गातलं गणित नाही," असं मागे न बघता ओरडायचा. एस. टी.वाले फार सज्जन. दोन माणसं पावसात अनवाणी चाललेली दिसली की गाडी थांबायचीच. कंडक्टर दार उघडून म्हणायचा, "या ना मास्तर." वसंता हात जोडायचा. मला मात्र आतल्या कोरड्या बाकाकडे बघून रडू यायचं.

पूर्णेला पूर होता. अलीकडच्या गावात एक अख्खा दिवस अडकलो, आणि तिथेच आमचा हिशोब बिघडला. पोळ्याला सुलतानपूर गाठणं आता शक्य नव्हतं. तरी वसंता खामगावहून घाट चढून वर आला. आमच्याकडे घाटाखालचे आणि घाटावरचे असे जिल्ह्याचे दोन भाग मानतात. घाटावर आलो तेव्हा त्यानं मागे वळून एकदा खाली पाहिलं आणि लहान पोरासारखा हसला. चौदा महिने कॉटवर पडून राहिलेला माणूस... मला त्या क्षणी त्याचा फार अभिमान वाटला. तोंडानं मी एवढंच म्हणालो, "चाल, पाऊस येऊन राह्यला."

पोळ्याच्या सकाळी आम्ही जानेफळहून निघालो. जिथे उतरलो होतो त्या घरचे म्हणाले, "आज पोया हाय बाप्पा, सणाच्या दिवशी कुठी निघता?" वसंता थांबेना. रात्री त्याचं अंग कोमट लागत होतं, ते मी पाहिलं होतं. त्यानंही मी पाहिलेलं पाहिलं होतं. दोघंही त्यावर बोललो नाही, ही माझी चूक. दुसरी चूक म्हणजे आम्ही डांबरी सडक सोडून डावीकडच्या गाडवाटेला लागलो. मेहकरला तिकडून जवळ पडतं असं कुणी सांगितलं, आणि एस. टी. थांबण्याची कटकटही नाही. मी शेतकऱ्याच्या घरचा असून माझ्या डोक्यात आलं नाही की पोळ्याच्या दिवशी वावरात कुणी म्हणजे कुणी नसतं. बैलांना अंघोळी, शिंगांना रंग, झुली, तोरण — सगळं गाव गावातच. एरवी त्या वाटेवर दर फर्लांगाला माणूस भेटला असता. त्या दिवशी नुसती ज्वारी, कपाशी आणि पाऊस.

दुपारी बाराच्या सुमारास एक नाला लागला. पाणी गुडघ्याएवढं होतं, पण ओढ फार. वसंता पलीकडे चढला आणि तिथल्या बाभळीला हात टेकून उभा राहिला. ओठ निळसर दिसले.

"बस जरासा," मी म्हणालो.

"नाही बसत."

"अबे, नियम मैलाच्या दगडाचा हाय. हे झाड हाय."

तो हसला आणि बसला. "पाच मिनिटं मध्या. मंग उठतो. उठतोच." मग खोकला आला, तो थांबेना. मग थांबला, आणि तो झाडाच्या बुंध्यावर मान टेकून कलला. मी हाका मारल्या. गालावर चापट्या मारल्या. तो बोलेना. मी वाटेवर येऊन दोन्ही दिशांना ओरडलो, आवाज बसेपर्यंत ओरडलो. पुढचं गाव दोन कोस होतं. त्याला तिथे एकटा टाकून जाववेना, आणि सहा फुटी माणूस उचलून नेणं शक्य नव्हतं; माझ्या वजनाचं काय सांगू... पोरं मला खडू म्हणायची.

किती वेळ गेला ते घड्याळानं सांगता येईल, पण ते नंतर. नाल्याच्या अंगानं गाडी आली. साधी बैलगाडी, वर छप्पर नाही. गाडीवानाच्या डोक्यावर पोत्याची खोळ, चेहरा आत. दोन बैल, एक पांढरा, दुसरा तांबूस. मी धावत जाऊन जू धरलं. "एवढं गावापर्यंत न्या," म्हणालो. याशिवाय मला काही बोलताच आलं नाही. गाडीवान काही विचारेना, खाली उतरेना. त्यानं फक्त कासरा ओढून धरला. मी वसंताला काखेत हात घालून ओढला, कसा कोण जाणे पण गाडीत घातला, पिशव्या आणि छत्र्या त्याच्या पायाशी ठेवल्या. मी चढायला लागलो तेव्हा गाडीवान म्हणाला, "तुमी मांगं चाला." आवाज साधाच. चिखलात ओझं जड होईल म्हणून म्हणत असेल, असं मला वाटलं. मी गाडीचं मागचं लाकूड हातानं धरलं आणि चालू लागलो.

दोन कोस मी त्या लाकडाला धरून चाललो. हे मला जितकं स्पष्ट आठवतं तितकं माझं लग्नही आठवत नाही. ओलं, गुळगुळीत लाकूड, एका ठिकाणी गाठ. पुढे वसंताचे उघडे तळवे, पावसानं धुतलेले. चिखलात चाकं रुतत नव्हती याचं तेव्हा काही वाटलं नाही. मनात एकच होतं — हात सुटता कामा नये. आपला हात सुटला की संपलं, असं का वाटलं ते सांगता येणार नाही, पण मी दात आवळून धरून ठेवला.

गावाबाहेर निवडुंगाचं कुंपण होतं, तिथे गाडी थांबली. मी पुढे झालो तर वसंता उठून बसलेला. आपणहून खाली उतरला, पायांवर उभा राहिला, तोंडावर थोडा रंग. मी त्याला मिठी मारली. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, ज्यांच्या घरी त्या रात्री आम्ही राहिलो ती माणसं अजून तिथे आहेत. मिठी सोडून गाडीवानाचे आभार मानायला वळलो तर गाडी कुंपणाआड वळून गेली होती. गावात शिरली असेल म्हटलं. आणि मग लक्षात आलं की पिशव्या, छत्र्या गाडीतच राहिल्या.

मारुतीच्या देवळापुढे तोरण बांधलेलं, गावचे बैल सजवून आणायला सुरुवात झालेली. मी तिथे जाऊन विचारलं, "आत्ता गाडी आली ती कोणाची? आमचं सामान राह्यलं तिच्यात."

एका फेटेवाल्या म्हाताऱ्यानं विचारलं, "कोन्ती गाडी?"

"बैलगाडी. नाल्याकडून आली ना."

"बाप्पा," म्हातारा म्हणाला, आणि त्याला राग आला होता हे स्पष्ट दिसत होतं, "आज पोया हाय. आज बैलाच्या खांद्यावर जू ठेवनारा मानूस या गावात जल्मला नाही. आजूबाजूच्याही गावात नाही."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. समोर उभ्या असलेल्या एकूण एक बैलाची शिंगं रंगवलेली, गळ्यात घुंगरमाळा, पाठीवर झूल. मी पाहिलेल्या बैलांच्या शिंगांना रंग नव्हता. घुंगरांचा आवाज दोन कोसांत एकदाही ऐकलेला मला आठवेना.

"मंग याले कोनं आनलं?" मी वसंताकडे बोट केलं.

म्हातारा जरा नरमला. "तुमी दोघं पायीच आले ना बाप्पा. मी केव्हाचा इथं उभा हाओ, दिसून राह्यले होते ना वावराच्या धुऱ्यावरून. हा लंबा पुढं अन् तुमी मांगं. तुमचा हात असा समोर धरेल." त्यानं मूठ वळून हात पुढे केला. "आमाले वाटलं, मांगचा आंधळा हाय का काय."

मी वसंताकडे पाहिलं. तो गोंधळून माझ्याकडे बघत होता. "मी चालतच आलो ना बे. झाडाखाली डोया लागला, उठलो, चालू लागलो. तू मांगंच होता. काही बोलेना, म्हटलं रागावला असंन."

"अन् पिशव्या?"

"तुह्यापाशी हायेत असं वाटलं मले."

देवळाशेजारच्या घरातल्या एका म्हातारीनं आम्हाला आत घेतलं. तिनं कोरडी धोतरं दिली, पुरणपोळी वाढली. मी ओला सदरा काढला तर ती चुलीपासून उठून आली. माझे दोन्ही खांदे वरून सोलून निघाले होते. लाल, सुजलेले. मला तोवर दुखलंही नव्हतं. "कशाचं वझं वाह्यलं बाप्पा?" म्हातारी म्हणाली. "असा खांदा त जुवाखाली सोलते." आदल्या दिवशी खांदेमळणीला बैलांच्या खांद्यांना हळद-लोणी लावतात, त्यातलं एका वाटीत उरलं होतं. तेच तिनं माझ्या खांद्यांना चोळलं. चोळताना तोंडानं बैलाला म्हणतात तसंच काहीतरी पुटपुटत होती. मला हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वसंताचं अंग थंड, श्वास मोकळा, आणि भूक अशी की म्हातारीनं चार पोळ्या दुधात कुस्करून दिल्या तरी पाचवी मागितली. खाऊन झाल्यावर म्हणाला, "तू काकाले काय सांगशीन?"

"पाह्यलं ते. तू गाडीत होता."

"अन् मी चाललो."

"तू चालला असं तू म्हन. माह्या डोयानं मी तुले गाडीत पाह्यलं."

तो रागावेल असं वाटलं होतं. रागावला नाही. उठला, धोतर खोचलं. "ठीक हाय. तुह्या डोयात गाडी हाय ना, मंग नाल्यापासून इथपर्यंतचा तुकडा पुन्हा चालतो. तुह्या डोयासमोर. मंग त झालं?"

मी नको म्हणालो. हात जोडले. "मी काकाले खोटं सांगतो, पायीच आला म्हनतो, पन त्या नाल्यावर परत नोको जाऊ." आणि सांगायला लाज वाटत नाही, मी त्या ओसरीवर ढसाढसा रडलो. वसंता थक्क झाला. माझ्या शेजारी बसला. म्हणाला, "मध्या, सुमन मले उद्या विचारीन, पूर्न चालले का? तिले मी अर्धं खरं सांगू? जिंदगीभर?" मी डोळे पुसून उठलो. आम्ही गेलो.

नाला उतरला होता. बाभळीच्या फांदीला, माझ्या डोक्याच्या वर हातभर, आमच्या दोन्ही पिशव्या पट्ट्यांनी अडकवलेल्या होत्या. शेजारी दोन्ही छत्र्या. मेणकापडातले कपडे कोरडे. वसंतानं त्या उतरवल्या आणि पहिल्यांदाच त्याचा चेहरा उतरलेला मी पाहिला. "इथं कोनं टांगल्या?" एवढंच म्हणाला. मग वळला आणि चालायला लागला. दोन कोस, एकदाही न थांबता. मी या वेळी त्याच्या शेजारून चाललो.

त्या रात्री मेहकर आणि तिसऱ्या दिवशी सकाळी सुलतानपूर. काका ओसरीत बसले होते. वसंताला वरपासून खालपर्यंत पाहिलं, पण विचारलं मला. "सांग."

मी सांगितलं. पूर, घाट, बाभळ, गाडी, म्हातारा, खांदे, पिशव्या, परत चाललेले दोन कोस. काकांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "म्हंजे चालला का नाही? एकच सांग."

"काका, मले मालूम नाही. पन जेवढ्या वाटेले मी नाही म्हनत होतो, तेवढी तो दुसऱ्यांदा चालला."

आत दाराआड बांगड्या वाजल्या. सुमन वडिलांपुढे कधी तोंड उघडायची नाही. ती दारातून म्हणाली, "बाबा, त्याहिचे पाय त पाहा."

काकांनी पाहिले. आठ दिवस चिखलात भिजून, काट्यांनी चिरून त्या पायांचं जे झालं होतं ते मी रोज पाहत असल्यानं मला दिसेनासं झालं होतं. काका उठले. "सुमन, ऊन पानी आन," म्हणाले. पाणी आलं ते त्यांनी तिच्या हातातून घेतलं आणि स्वतः खाली बसून वसंताच्या पायांवर घातलं. लग्नात मुलीचा बाप जावयाचे पाय धुतो. ओसरीतल्या प्रत्येकाला कळलं. काकू आत जाऊन डोळे पुसायला लागली. दिवाळीनंतरची तिथी निघाली.

आता स्पष्टीकरणाचं. इतकी वर्षं मी काही कमी डोकं लावलेलं नाही. माझा एक डॉक्टर विद्यार्थी म्हणतो, "सर, तुम्हीच त्यांना खांद्यावर टाकून आणलं, आणि शिणानं डोक्यात गाडी तयार केली." खांद्यांचा उलगडा होतो, पिशव्यांचाही होतो, ओझं नको म्हणून त्या मीच फांदीला टांगल्या असतील. मग तोरणापाशी उभ्या असलेल्या माणसांनी दोघांना चालताना कसं पाहिलं? वसंता खरंच चालत आला म्हणावं तर माझे खांदे कशानं सोलले? गाडी खरी म्हणावी तर पोळ्याला ती जुंपली कुणी? कुठलीही दोन विधानं घ्या, तिसरं खोटं पडतं. हे गणित सुटत नाही. मी ते सोडून दिलंय.

पण लिहायला बसलोय ते यासाठी नाही. काकांना मी सगळं सांगितलं, असं वर वाचलंत. ते खरं नाही. एक गोष्ट मी ना काकांना सांगितली, ना सुमनला, ना वसंताला.

बाभळीखाली तो बोलेना तेव्हा मी त्याच्या नाकापाशी तळहात धरला होता. छातीला कान लावला. मनगट धरलं. मी मास्तर माणूस, मोजल्याशिवाय मला राहवत नाही. हातातल्या घड्याळाचा सेकंदकाटा बघत मी पूर्ण तीन मिनिटं मोजली. काही नव्हतं. मग ओरडून आलो, पुन्हा मोजली. नव्हतं. गाडी आली तेव्हा मी आजारी माणसासाठी गाडी मागितलीच नव्हती. वसंताला त्याच्या माणसांकडे पोचवायचं होतं, एवढंच मला कळत होतं.

तो पन्नासवर वर्षं संसार करून, तीन पोरांची लग्नं लावून गेल्या पौषात गेला. घरी, झोपेत. डॉक्टर येऊन पाहून गेले, सुमन त्याच्या उशाशी बसली होती, माणसं जमत होती. मी जाऊन त्याच्या शेजारी बसलो आणि नाकापाशी हात धरला. तीन मिनिटं झाली. मी हात काढला नाही. बाहेर पाऊस नव्हता, वाटेवर कुणी नव्हतं, तरी मी दाराकडे बघत होतो. किती वेळ ते या वेळी मोजलं नाही. शेवटी सुमननंच माझा हात धरून खाली घेतला आणि म्हणाली, "भाऊ, बस आता. जाऊ द्या त्याहिले."